गोळीसोबतची चिठ्ठी तिच्या भाषेत द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : हार्मोनच्या गोळ्या व इंजेक्शनांसोबत बायकांना मराठीतून छापील माहिती देण्याबाबत

महोदय,

गणपतीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत आमच्या दुकानात एका गोळीची मागणी एकदम वाढते. तिचं नाव क्वचितच कुणी घेतं. बाई काउंटरवरची गर्दी ओसरायची वाट बघते आणि मग आवाज खाली आणून म्हणते, “ताई, त्या पुढे ढकलायच्या गोळ्या द्या.” कधी नवरा येतो आणि मोबाइलवर जुन्या स्ट्रिपचा फोटो दाखवतो. कधी सासूबाई स्वतःच सुनेसाठी नेतात. गौरी बसायच्या असतात, गावाला सगळं घर जमायचं असतं, त्यात पाळी आली तर सुनेनं बाजूला बसायचं, आणि मग कामं कुणी करायची?

मी २२ वर्षं ठाण्यात मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. हे पत्र लिहायला मला फार उशीर झाला आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेसाठी या गोळ्या मीच घरी नेल्या. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. घरचंच माणूस, म्हणून मी ती मागितलीही नाही. खोपटच्या एसटी स्टँडवरून रात्री गाडी सुटली आणि मुंबई-गोवा रस्त्याची अवस्था आपण जाणताच, गावी पोचायला चौदा तास लागले. पाच दिवस ती गौरींपुढे राबली, रात्री फुगड्या घातल्या, आणि पुन्हा तेवढेच तास बसून परत आली. डावी पोटरी सुजली होती. फुगड्यांनी दुखत असेल म्हणून तिने दोन दिवस तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी पाय टेकवेना, तेव्हा दवाखान्यात नेलं. शिरेत रक्ताची गुठळी निघाली.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “काही औषधं चालू होती का?” ती म्हणाली, “नाही.” ती खोटं बोलली नाही. पाळी पुढे ढकलायच्या गोळीला आपल्या घरांत कुणी औषध समजतच नाही. रात्री घरी आल्यावर मला आठवलं आणि हातपाय गार पडले. गुठळी फक्त गोळीमुळेच झाली असं कुणीही छातीठोकपणे सांगितलं नाही. तिचं वजन जास्त आहे, त्यात एवढा बसून प्रवास. पण या गोळीत नॉरएथिस्टेरॉन हे कृत्रिम हार्मोन असतं आणि शरीरात गेल्यावर त्याच्या काही भागाचं इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन बनतं, हे मी शिकलेली होते. इस्ट्रोजेनने रक्त गोठायचा धोका वाढतो, हेही मला ठाऊक होतं. ते मी तिला सांगितलं नाही. ती सावरली, आज ठणठणीत आहे. मला मात्र प्रत्येक भाद्रपदात ती पोटरी दिसते.

गोळ्यांच्या खोक्यात माहितीची घडी असते. बारीक इंग्रजी टाइप, आणि वर बहुतेक वेळा छापलेलं असतं की ही माहिती फक्त नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेसाठी आहे. म्हणजे जी गोळी गिळते तिच्यासाठी ती नाहीच. शिवाय आम्ही स्ट्रिप काढून देतो आणि घडी खोक्यातच राहते. दिवसाअखेर झाडताना त्या घड्या मी गोळा करून फेकत आले आहे.

माझी मुलगी ऐरोलीत औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीत काम करते. हे सगळं तिच्याशी बोलत होते तेव्हा तिने मला बार्बरा सीमन या अमेरिकन लेखिकेबद्दल सांगितलं. तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे. या बाईंची कारकीर्द मी आपल्यापुढे मुद्दाम ठेवते आहे, कारण जे आम्ही आज मागतो आहोत ते त्यांनी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी मागितलं आणि मिळवलं.

त्या डॉक्टर नव्हत्या. १९३५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मल्या आणि पुढे नववधू आणि गृहिणींसाठी निघणाऱ्या मासिकांत सदरं लिहू लागल्या. १९५७ मध्ये पहिलं मूल झालं. अंगावर पाजत असताना त्यांना रेचक देण्यात आलं, ते दुधातून बाळात उतरेल हे कुणी सांगितलं नाही, आणि बाळ अत्यवस्थ झालं. पुढे दोनच वर्षांनी त्यांची एक जवळची नातलग गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाने गेली. ती पाळी जाण्याच्या त्रासासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेत होती. त्या वेळी गर्भनिरोधक गोळी अमेरिकेत नुकती येत होती. तिला मान्यता मिळाली १९६० मध्ये, आणि तिच्यात आजच्या गोळीच्या कित्येक पट हार्मोन होतं. सीमन यांच्याकडे वाचकांची पत्रं येत. पायात गुठळी, अर्धांगवायू, मन खचणं. त्यांनी डॉक्टरांना भेटून, रुग्णांना भेटून १९६९ मध्ये ‘द डॉक्टर्स केस अगेन्स्ट द पिल’ हे पुस्तक लिहिलं.

ते वाचून सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी जानेवारी १९७० मध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी लावली. साक्षीला तज्ज्ञ बोलावले गेले. गोळी घेणारी एकही बाई बोलावली नाही. मग स्त्री-हक्कांची कार्यकर्ती अ‍ॅलिस वुल्फसन आणि वॉशिंग्टनमधल्या तिच्या मैत्रिणी प्रेक्षकांत उभ्या राहून प्रश्न विचारू लागल्या. आमच्या शरीरावर काय चाललंय हे आम्हालाच का सांगत नाही, हा त्या सगळ्याचा मथितार्थ. सुनावणी काही वेळ थांबवावी लागली. त्याच वर्षी गोळीच्या प्रत्येक पाकिटात बाईसाठी माहितीची चिठ्ठी घालण्याचा निर्णय झाला. सुरुवातीचा मसुदा मोठा होता, तो विरोधामुळे काटून अगदी तोकडा केला गेला, पण चिठ्ठी आली. पुढे ती मोठीही झाली. गोळीतलं हार्मोनही कमी होत गेलं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की गोळी बंद झाली नाही. बाईने धोके जाणून हो म्हणावं किंवा नाही म्हणावं, एवढंच मागणं होतं. ‘बायका घाबरून गोळ्या सोडतील’ हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. तो आपल्या खात्यातही कुणीतरी घेईल म्हणून आधीच सांगते : माझ्या काउंटरवर बायका घाबरतात त्या न सांगितलेल्या गोष्टीला. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी कार्यक्रमात २०१७ मध्ये आलं. दर तीन महिन्यांनी घ्यायचं, मोफत मिळतं. त्याने पाळी अनियमित होते, कधी पूर्ण थांबते, आणि बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. हे आधी समजावून सांगितलेली बाई दुसरं इंजेक्शन घ्यायला जाते. न सांगितलेली बाई लाल पडलेलं बघून माझ्याकडे धावत येते आणि म्हणते, “आत काही खराब झालं का?” आशाताई सांगतात, जीव तोडून सांगतात, पण एकेकीकडे किती घरं असतात! त्यांच्या हातात वाचून दाखवायला धड मराठी कागद तरी असावा.

सीमन यांना याची किंमत मोजावी लागली. औषध कंपन्यांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या मासिकांतली त्यांची सदरं बंद झाली, असं त्या सांगत. तरी १९७५ मध्ये वुल्फसन आणि इतर तिघींबरोबर त्यांनी ‘नॅशनल विमेन्स हेल्थ नेटवर्क’ उभं केलं. ही संस्था आजही चालू आहे. पाळी गेल्यानंतर सरसकट हार्मोन देण्याविरुद्ध त्या लिहीत राहिल्या. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी अभ्यासातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन्स एकत्र देण्याचा भाग धोके जास्त दिसल्याने मध्येच थांबवला गेला. योग्य बाईला योग्य वयात ती औषधं आजही देतात आणि द्यावीतही. विचारून, सांगून द्यावीत. सीमन २००८ मध्ये गेल्या.

आपल्याकडे हे परकं नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक मराठीतून चालवलं. खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा ज्या भाषेत शरीराबद्दल स्पष्ट लिहिता आलं, त्या भाषेत आज एक पान छापता येत नाही असं कुणी म्हणू नये. न सांगण्याचं टोक आपण बीडमध्ये पाहिलं आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, एवढंच त्यांतल्या कितीजणींना सांगितलं होतं. नंतर हाडांचं, कंबरेचं काय होईल, ते नाही.

पाकिटावर काय छापायचं हे केंद्राच्या कायद्यात येतं, आणि औषध दुकानांवर देखरेख करणारं अन्न व औषध प्रशासन आपल्या खात्यात नाही, हे मला माहीत आहे. पण सरकारी केंद्रांतून जे वाटलं जातं त्याच्यासोबत मराठी कागद देणं आपल्या हातात आहे. तिथून सुरुवात करा. पुढे दोन्ही खात्यांनी मिळून एक नमुना ठरवला तर आम्ही दुकानदार तो काउंटरवर ठेवू. मोठा टाइप, एका बाजूला छापलेलं एकच पान : कुणी घेऊ नये, काय होऊ शकतं, काय झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, आणि डॉक्टरांनी विचारलं तर ही गोळीही सांगायची. खाली औषधाचा त्रास कळवण्याचा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक, १८००-१८०-३०२४. तो क्रमांक मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलेला नाही, कारण तो आहे हेच कुणाला माहीत नाही.

आणि हा कागद ठरवणाऱ्या बैठकीत गोळी घेणाऱ्या बायका बसवा. मी एक मसुदा करून किसननगरच्या तिघींना वाचायला दिला होता. मी लिहिलं होतं, ‘शिरांमध्ये गुठळी होण्याची शक्यता’. एकीने ते खोडून लिहिलं, ‘एकच पाय सुजला, दुखला तर तेल चोळत बसू नका, दवाखान्यात जा.’ तिला माझ्या जावेची गोष्ट मी सांगितलेली नव्हती.

आपली,
एक फार्मासिस्ट, ठाणे

सोबत : माहितीपत्रकाचा कच्चा मसुदा, एक पान, तिघींच्या दुरुस्त्यांसह.