बाबा, नर विकायचा नाही

आई, बाबा,
नमस्कार. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि मधेच आई फोन ओढून घेते, जेवलीस का विचारते नि मूळ विषय राहतोच, म्हणून सगळं टाइप करून पाठवतेय. दादाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, लाजला तर लाजू दे.

बाबा, तुम्ही म्हणालात ना तुझा सशाचा नर बाद आहे, विकून टाक नि दुसरा आण. बाद नाहीये हो तो. बंड्या आत्ता कुठे ६ महिन्यांचा होतोय. न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशाचा नर ५-६ महिन्यांत वयात येतो खरं, पण वयात आला म्हणजे सगळं कळायला लागलं असं थोडीच आहे. पहिल्यांदा मादी दाखवली तर हा तिच्याभोवती गोल गोल फिरला, पिंजऱ्याला हनुवटी घासत बसला आणि मग चढला तो थेट तिच्या डोक्याच्या बाजूने! आई, हसू नकोस, तिथं खालून मादी चावली तर नर कायमचा कामातून जातो. म्हणून मी समोरून हलतच नाही, उलटा चढला की हलक्या हाताने उचलून फिरवून ठेवते, ओरडायचं नाही, हाकलायचं नाही, नाहीतर एकदा का धसका घेतला की मादी बघूनच मागं सरतो.

आणि रात्रभर दोघांना एकत्र सोड म्हणता ते आपल्या बोकडाचं ठीक होतं, इथं नाही चालत. शेळी २१ दिवसांनी माजावर येते, सशाच्या मादीचं तसं काही ठरलेलं नसतं, नर लागल्यावरच तिचं बीज सुटतं, साधारण १०-१२ तासांनी. मग रात्रभर ठेवून मिळणार काय, नुसती मारामारी. शिवाय मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नराला तिच्याकडं नाही सोडायचं, स्वतःच्या जागेत ती कुणाला घेत नाही, त्यात नर नवखा असला तर त्याची सालटीच काढते.

ह्यांचं म्हणणं होतं दोघं एका वयाची जोडी लावू, छान दिसेल. छान काय दिसायचंय, दोघंही अडाणी, मग समजून घेणार कोण? मी आपली जुनी मादी जनाक्काच लावली. तिची बरीच वेतं झालीत, स्वभावानं शांत. शेपटी उचलून बघितलं, खाली लालसर नि ओलसर होतं म्हणजे तयार. (फिकट दिसलं तर त्या दिवशी नेऊच नये, मादी कोपऱ्यात दबून बसते नि नर उगाच दमतो.) तिनं मागची बाजू उचलून दिली आणि बंड्याला एकदाचं जमलं. जमलं की कळतंच, नर हुंकारल्यासारखा आवाज काढतो नि धपकन बाजूला आडवा पडतो, बघणाऱ्याला वाटतं गेलाच, मग उठून मागचा पाय आपटतो. ह्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मी गप्प केलं. संध्याकाळी परत एकदा दाखवली, त्यानं गाभण राहायचा चान्स वाढतो. आता त्याला आराम. एवढ्या कोवळ्या नराला आठवड्यातून एक-दोनदाच, पुढे तोच ८-१० माद्यांना पुरतो.

आणि त्या जुन्या नरालाही तुम्ही उगाच नावं ठेवलीत. मे महिन्यात माद्या रिकाम्या गेल्या तो उकाड्याचा प्रताप, पारा तिशीच्या वर राहिला की नराचं बीज बिघडतं आणि सुधारायला दीड-दोन महिने जातात. आता भोरला मस्त थंडी पडलीय, तो प्रश्न नाही.

१२-१४ दिवसांनी पोट चाचपून बघेन, गाभण असली तर बोराएवढ्या मऊ गाठी बोटाला लागतात. लेंड्या पण हाताला लागतात पण त्या कडक, फरक कळतो. १६-१८ दिवसांतच केस उपटायला लागली तर मात्र समजायचं खोटी गाभण, म्हणजे पोटात पिल्लं नाहीत, परत लावायची. नाहीतर व्यायला ३१ दिवस धरा, २८ व्या दिवशी पिल्लांसाठी पेटी ठेवायची. आई, जुन्या गोधडीचे तुकडे पाठवू नकोस गं, दोऱ्यात पिल्लांचे पाय अडकतात, वाळलेलं गवत घातलं की मादी वरून स्वतःच्या पोटाचे केस पसरते, तेवढं पुरतं. आणि पिल्लांजवळ बसत का नाही म्हणून तिला नावं ठेवायची नाहीत, दिवसातून एक-दोनदाच पाजते, तीही काही मिनिटंच.

तीन-चार चांगल्या माद्या लागोपाठ रिकाम्या राहिल्या तर विकायचं बघू, त्याआधी नाही. दादा म्हणत होता तुम्ही बाजारात कुणाला तरी बंड्याचा शब्द देऊन बसलाय, त्याला आजच फोन करून नाही म्हणा, नाहीतर तो इकडं पिशवी घेऊन यायचा. डोळ्याचे थेंब वेळेवर घालताय ना?

तुमची,
बेबी