सात मतांचा सम्राट

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे मुख्यतः जर्मन राज्यांच्या जुन्या साम्राज्याच्या, सम्राटाची निवडणूक होत असे, म्हणजे जर्मनांकडे तेव्हाच लोकशाही होती काय, हा तुझा प्रश्न वाचून मला हसू आले. कारण त्या निवडणुकीत मतदार होते अवघे सात. मायन्झ, ट्रिअर आणि कलोन येथील आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा पॅलेटाइन काउंट, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मार्ग्राव्ह हे ते सात ‘इलेक्टर’. सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५६ मध्ये सोन्याची मुद्रा लावून काढलेल्या फर्मानाने त्यांचा हक्क पक्का केला. फ्रँकफुर्टला जमून चौघांचे एकमत झाले की निवड होई. तीस दिवसांत ती झाली नाही, तर पुढे या बड्या मंडळींना केवळ पाव आणि पाणी मिळावे, असेही त्यात लिहिले आहे. (हे कलम आपल्याकडेही आणावे, असे तू म्हणशीलच.)

मते कशी मिळत, हे १५१९ मध्ये उघड झाले. स्पेनचा राजा चार्ल्स आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस एकमेकांवर चढाओढीने बोली लावत होते. मायन्झचा आल्ब्रेख्त आणि ब्रांडेनबुर्गचा योआखिम हे सख्खे भाऊ असल्याने सातांपैकी दोन मते एकाच घरात होती. आर्चबिशपपद मिळवण्यासाठी आल्ब्रेख्तने आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्ज काढले होते, आणि ते फेडण्यासाठी चाललेल्या पापमुक्तिपत्रांच्या (पापाची शिक्षा माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या) विक्रीवरच १५१७ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर तुटून पडला होता. चार्ल्सचा खर्च सुमारे साडेआठ लाख गुल्डेन (तेव्हाची सोन्याची नाणी) झाला. त्यांतले पाच लाखांहून अधिक याकोब फुगरने दिले. २८ जूनला चार्ल्स एकमताने निवडून आला. वसुली रखडली, तेव्हा १५२३ मध्ये याकोबने थेट सम्राटालाच लिहिले की, माझ्या मदतीवाचून हा मुकुट आपल्याला मिळाला नसता.

तरीही पैसा ही लहान किंमत होती, असे मला वाटते. परके सैन्य साम्राज्यात आणणार नाही, पदे जर्मनांनाच देईन, राज्यकारभारात जर्मन किंवा लॅटिनच वापरीन, असा लेखी करारनामा इलेक्टरांनी चार्ल्सकडून घेतला. सावकाराचे देणे कधीतरी फिटते. हे कलमांचे ओझे मात्र १७९२ मध्ये निवडल्या गेलेल्या शेवटच्या सम्राटापर्यंत प्रत्येकाच्या मानेवर राहिले.

तुझा स्नेहांकित