प्रयोगशाळा सोडली, विज्ञान नव्हे

महोदय,

संशोधन सोडून पेटंट वकिलीकडे वळणाऱ्या जैवतंत्रज्ञाचे शिक्षण वाया गेले, असे सर्रास बोलले जाते. ते पटत नाही. आनंद चक्रवर्तींचा तेल पचवणारा जिवाणू अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये पेटंटयोग्य ठरवला. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने नैसर्गिक जनुकाला नकार दिला, पण प्रयोगशाळेत घडवलेला सीडीएनए, म्हणजे जनुकाची कृत्रिम प्रत, मान्य केला. ही रेघ ओळखायला प्रयोगशाळेत काम केलेला माणूसच हवा. पेटंट अर्जात प्रतिपिंडावरच्या (अँटिबॉडीवरच्या) हक्काचा दावा सैल लिहिला तर अर्ज फेटाळला जातो. फार आवळला तर स्पर्धक त्यातला एखादा घटक, म्हणजे अमिनो आम्ल, बदलून निसटतो. अर्जाच्या आधी शोधनिबंध छापला की युरोपात पेटंट सहसा हुकतेच, हे तरी विद्यापीठांनी पीएचडीच्या पहिल्या वर्षी सांगावे.

– एक वाचक