भाव वाढला, पण बॉण्डवरच्या घराला नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावात जागांचे भाव कसे चढले आहेत, याच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात. त्या खऱ्याच आहेत. मच्छेला व्हीटीयू हे तंत्रशिक्षणाचे विद्यापीठ आले, हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उभे राहिले, आणि त्या त्या रस्त्याने भाव पळत सुटले. 2020 मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायदा बदलला, तेव्हापासून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. हिंडलगा, कंग्राळी, कणबर्गी, कुठेही जा, शिवारात प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात. अनगोळ-वडगावच्या ज्या रानांतून बासमती पोसवली की घमघमाट सुटायचा, तिथे आता चुन्याच्या रेघा बघाव्या लागतात. ते बघून जीव तुटतो.

पण उद्यमबागच्या फौंड्रीत राबणाऱ्यांनी आणि वडगाव-शहापूरच्या विणकरांनी पोटाला चिमटा काढून ज्या जागा घेतल्या, त्यातल्या कितीतरी शंभराच्या बॉण्डवर, म्हणजे खरेदी न नोंदवता शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नुसता करार लिहून घेतलेल्या आहेत. या भाववाढीतला रुपयाही त्यांच्या हाती येत नाही.

माझ्या मेहुण्यांचेच सांगतो. 2011 मध्ये त्यांनी गावाबाहेर शेतातला दीड गुंठा घेतला. फंड काढला, बहिणीचे दागिने मोडले. बॉण्ड झाला, नोटरीचा शिक्का बसला, पेढे वाटले. पुढे चार खोल्या बांधल्या, लाईट आली, घरपट्टीची पावतीही मिळू लागली. आपण मालक झालो, असे त्यांना वाटले. यंदा मुलीच्या लग्नासाठी घर विकायला काढले, तर एजंटाचा पहिला प्रश्न, ‘ई-खाते आहे का?’ म्हणजे सरकारी दप्तरात मालक म्हणून ऑनलाइन नोंद आहे का. उताऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचे नाव. तो वारला, त्याची मुले म्हणतात आमची सही पाहिजे असेल तर वेगळे पैसे द्या. खाते नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, त्यामुळे रोखीचेच गिऱ्हाईक येते आणि शेजारच्या प्लॉटच्या निम्मा भाव सांगते. बहिणीने तो बॉण्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखाली ठेवला आहे. घडीवर तो इतका विरला आहे की उघडताना दोन्ही हातांनी धरावा लागतो.

नुसत्या बॉण्डने मालकी येत नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची खरेदी नोंदणीकृतच पाहिजे, हे कायद्यात 1908 पासून आहे. 2025 मध्ये बी-खात्याची, म्हणजे मंजुरी नसलेल्या जागांनाही खाते देण्याची मोहीम निघाली तेव्हा मेहुणे आशेने गेले, पण तिथेही नोंदणीकृत खरेदीपत्रच मागितले. ज्यांचे कागद चोख आहेत त्यांचाही खर्च वाढलाच आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून सरकारी मार्गदर्शी किमती, म्हणजे नोंदणीसाठी सरकारने ठरवलेले जागांचे किमान भाव, वाढल्या, 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी शुल्क 1 टक्क्याचे 2 टक्के झाले. म्हणजे चाळीस लाखांच्या घराला नुसते हे शुल्कच चाळीस हजारांचे ऐंशी हजार. मुद्रांक शुल्क वेगळेच. हा खर्च वाचवायला कोणी पुन्हा ‘आता बॉण्ड करू, रजिस्टर नंतर बघू’ म्हणाले तर माणसे फसतील, अशी मला भीती वाटते.

फसण्याचे आणखी एक कारण भाषा आहे. उतारा, खाते, मार्गदर्शी किमतींची यादी, सगळे कन्नडमध्ये. मेहुण्यांना आपल्या जागेचा उतारा एजंटाकडून वाचून घ्यावा लागला, आणि एजंटाने सोयीचे तेवढेच वाचले. कन्नडला माझा विरोध नाही, माझी नातवंडे ती उत्तम बोलतात. पण जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे केंद्राच्या 1956 च्या निवेदनात आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात तरी ई-खात्याला काय कागद लागतात आणि कोणत्या भागाची मार्गदर्शी किंमत किती, याचा मराठी फलक सब-रजिस्ट्रार कचेरीत कन्नडशेजारी लावावा.

तो लागेपर्यंत आपण हे काम हाती घ्यावे, ही विनंती. जागांच्या भावाची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली चौकट करून त्या भागाची मार्गदर्शी किंमत आणि खरेदीआधी बघायच्या कागदांची नावे मराठीत द्या. बॉण्डवर सही करायला निघालेला एखादा कामगार सकाळी चहा घेताना ती वाचेल.

आपला,
एक निवृत्त फौंड्री कामगार
वडगाव, बेळगाव