घाटाचा अंदाज छापताना मॉडेलमधला डोंगरही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सातारा जिल्ह्यात रेड अलर्ट’ असा मथळा दर पावसाळ्यात दिसतो. महाबळेश्वरला त्या दिवशी ढगफुटीसारखा पाऊस होतो, माण-खटावमध्ये धूळ उडत असते आणि मग हवामान खात्याच्या नावाने बोटे मोडली जातात. अंदाज देणाऱ्या संगणकाला आपला सह्याद्री दिसतो तरी कसा, हे मात्र वाचकाला कोणी सांगत नाही.

हवामानाचे मॉडेल, म्हणजे संगणकात मांडलेले हवेचे गणित, जमिनीचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची देते. आपल्याकडचे जागतिक मॉडेल बरीच वर्षे १२ किलोमीटरच्या चौकोनांवर चालले. २६ मे २०२५ रोजी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली ६ किलोमीटरची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली, ही मोठीच मजल आहे. पण घाट बघा. पोलादपूर कोकणच्या पातळीवर, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आणि दोन्हींत हवाई अंतर वीसेक किलोमीटर. त्यातली खडी चढण तर मोजक्या किलोमीटरांतच आहे. मोठ्या चौकोनात दरीचा तळ आणि कड्याचा माथा यांची सरासरी निघते. ती उंचीही पुन्हा गुळगुळीत करावी लागते, कारण शेजारच्या दोन चौकोनांत एकदम मोठी उडी असली की गणितात खोट्या लाटा उठतात. शेवटी कडा जातो आणि लांबलचक उतार उरतो.

याने काय बिघडते, ते साध्या हिशेबात कळते. समुद्रावरून येणारा वारा सेकंदाला १५ मीटर धरा. ५ किलोमीटरांत १००० मीटर चढायचे असेल तर हवा सेकंदाला ३ मीटर वेगाने वर जाते. मॉडेलमधल्या उतारावर तीच हवा २४ किलोमीटरांत ६०० मीटर चढत असेल, तर हा वेग अर्ध्या मीटरच्याही खाली येतो. बाष्प सावकाश थंड होते, पाऊस जास्त जागेवर पसरतो आणि घाटमाथ्यावरचा खरा जोर अंदाजात उतरत नाही. शिवाय प्रत्येक वेळी हवा चढतेच असे नाही. वारा मंद आणि हवा स्थिर असली तर ती डोंगरापुढे तुंबते किंवा वळसा घालते आणि पाऊस डोंगराच्या अलीकडच्या बाजूलाच पडून जातो. डोंगराची उंची चुकली की हवा चढणार की अडणार, हा निर्णयही चुकू शकतो.

शास्त्रज्ञ याच्याशी फार पूर्वीपासून झगडत आहेत. १९५७ मध्ये नॉर्मन फिलिप्स यांनी हवेचे थर जमिनीच्या चढउतारांवर चादरीसारखे अंथरण्याची पद्धत सुचवली. ती आजही पायाभूत आहे, पण तीव्र उतारावर हवेच्या दाबातला फरक काढताना तिच्यात चूक शिरते. पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर करून पाहिला, तर माथ्यावरून खाली झेपावणारा वारा नीट उतरेना. १९८०च्या दशकात युरोपीय देशांच्या हवामान अंदाज केंद्राने डोंगर मुद्दाम सरासरीपेक्षा उंच धरले होते. चौकोनात न मावणाऱ्या सुळक्यांनी वाऱ्याला होणारा अडथळा तेव्हापासून वेगळ्या सूत्रांनी धरला जातो. आपल्या हवामान खात्यातले आर. पी. सरकार यांनी तर १९६६ मध्येच सह्याद्रीवरच्या पावसाचे गणित मांडले होते. या कामाबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणूनच ते वाचकांपर्यंत अर्धवट पोहोचते याचे वाईट वाटते.

महाबळेश्वर आणि वाई यांच्यात हवाई अंतर पंचवीस किलोमीटर, म्हणजे जुन्या मॉडेलचे दोनच चौकोन. तिकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इकडे हजाराच्याही आत. जिल्ह्याला एकच रंग देणाऱ्या मथळ्यात हा फरक कुठे बसवायचा? हवामान खाते घाटांसाठी स्वतंत्र इशारे देते. मथळ्यात ‘सातारा’ न लिहिता ‘सातारा घाट’ लिहा, एवढी विनंती आहे. मोबाइल अ‍ॅपवरचे आकडे छापत असाल तर ते किती किलोमीटरच्या मॉडेलचे आहेत आणि त्या मॉडेलने गावाची उंची किती धरली आहे, हेही शेजारी द्या. महाबळेश्वर सातशे मीटरवर धरलेले दिसले, तर तिथला पावसाचा आकडा कितपत मानायचा हे वाचक स्वतःच ठरवेल.

एक मागणी शासनाकडेही आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. घाटउतारावरच्या वाड्यावस्त्यांत स्वयंचलित पर्जन्यमापक वाढवले, तर मॉडेल कुठे कमी पडते ते कळेल आणि खालच्या गावाला तासातासाचा पाऊस दिसेल. त्या नोंदी रोजच्या रोज सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात आणि आपल्या दैनिकाने त्या घाटनिहाय छापाव्यात.

आपला,
एक वाचक, वाई (जि. सातारा)