मुलांचं रक्त घेणाऱ्या ताईंना, शिसे-तपासणी विभागाकडून

ताई, स. न.

मुलांच्या रक्तातलं शिसं आम्ही मोजतो खरं, पण नमुना आमच्या यंत्रापर्यंत येतो तोवर त्याचं बरंवाईट ठरून गेलेलं असतं. तुमच्या टेबलावरून आलेल्या नमुन्यावर आम्ही निर्धास्त भरवसा ठेवतो. त्याबद्दल हे जाहीर आभार.

सगळ्यात मोठे आभार हात धुण्याबद्दल. शिसं धुळीत असतं, ती धूळ मुलांच्या बोटांवर असते, आणि कातडीवरचा एवढासा कण थेंबात उतरला तरी आकडा फुगतो. स्पिरिटच्या बोळ्याने जंतू मरतात, शिसं मात्र तिथेच राहतं. म्हणून तुम्ही साबण-पाण्याने नखांच्या कडांपर्यंत स्वतः धुता. मग ते चिमुकलं मनगट आपल्या मुठीत धरून ठेवता, कारण क्षणभर सोडलं तर हात परत फ्रॉकला, खुर्चीला, तोंडाला लागणारच!

मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या टोकाला, जरा बाजूला टोचून पहिला थेंब पुसता. पुढचे थेंब आपसूक येऊ देता. घाईत बोट पिळलं तर पेशींभोवतालचा द्रव मिसळतो आणि रक्तही गोठू लागतं. ईडीटीएची, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव्य असलेली नळी भरताक्षणी आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करता, हेही लाखमोलाचं. रक्तातलं बहुतेक सगळं शिसं तांबड्या पेशींत असतं. त्या गुठळीत अडकल्या की यंत्राला मिळालेला थेंब त्या मुलाचा खरा आकडा सांगतच नाही.

आईवडिलांशी तुम्ही जे बोलता, तेही आमच्या कामाइतकंच मोलाचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2021 मध्ये ठरवलेली 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही रेषा लक्ष द्यायला सांगते. तिच्याखाली सगळं सुरक्षित, असा तिचा अर्थ नाही, हे तुम्ही न कंटाळता समजावता. बोटातला आकडा वाढीव आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करायची: 3.5 ते 9 असेल तर तीन महिन्यांत, 10 ते 19 असेल तर महिन्याभरात, 20 ते 44 ला दोन आठवड्यांत, आणि 45 किंवा त्याहून जास्त असेल तर 48 तासांच्या आत. केसांची तपासणी, किंवा शरीरातले धातू उतरवणारं औषध देऊन मग लघवी तपासणं, असले हट्ट तुम्ही ठामपणे परतवता. त्या आकड्यांवरून मुलावर उपचार ठरवणं धोक्याचं आहे.

आर्सेनिकसाठी लघवी घेताना आधीच्या दोन-तीन दिवसांत मासे खाल्ले का, हे विचारायला तुम्ही चुकत नाही. माशांतलं आर्सेनिक बहुतांशी निरुपद्रवी असतं, पण एकूण आकड्यात तेही मोजलं जातं.

आणि अर्जावर ‘बोटातून’ की ‘शिरेतून’ हे दरवेळी स्वच्छ अक्षरात लिहिता, त्याबद्दल वेगळे आभार. पुन्हा कोणाला बोलवायचं, हे आम्ही त्या एका शब्दावरून ठरवतो.

आपले,
शिसे-तपासणी विभागातले सहकारी