बलरामाला हसायला मनाई

सांगली

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या ‘संगीत सौभद्र’मध्ये तुला बलराम मिळाला, म्हणून फोनवर तुझा चेहरा पडल्यासारखा आवाज आला. कृष्ण हवा होता ना? मलाही तेव्हा कृष्णच हवा होता. ‘नच सुंदरि करू कोपा’ म्हणत रुक्मिणीची समजूत काढायची, बोटावर सगळी द्वारका नाचवायची, कुणाला नको असतं ते? तरी माझं ऐक. त्या नाटकातला विनोद बलरामाच्या खांद्यावर उभा आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२च्या नोव्हेंबरात पुण्यात पहिले तीन अंक रंगमंचावर आणले. कथा महाभारताच्या आदिपर्वातली, सगळ्यांना पाठ. अर्जुन सुभद्रेला पळवणार हे तिकीट काढण्याआधीच ठाऊक. मग तीन-चार तास लोक बसतात कशासाठी? पदांसाठी बसतात हे खरंच. पण अण्णासाहेबांनी द्वारकेचा राजवाडा आपल्या वाड्यासारखा करून टाकला, त्याचीही मजा आहे. मोठ्या भावाने बहिणीचं लग्न परस्पर ठरवलेलं, धाकट्याला ते पसंत नाही, वहिनी मधल्यामध्ये. देव आहेत, पण स्वयंपाकघरात काय शिजतंय याचा वास येतो.

यात कृष्णाला सगळं ठाऊक आणि प्रेक्षकांना सगळं ठाऊक. बलरामाला काहीच नाही. दुर्योधन त्याचा गदायुद्धातला लाडका शिष्य, त्यालाच बहीण द्यायची हे त्याच्या मनाने घेतलेलं. आणि ज्याच्यापासून तिला वाचवायचं, त्या वेष पालटलेल्या अर्जुनालाच यती समजून तो मोठ्या भक्तिभावाने घरी आणतो, वर सुभद्रेला त्याच्या सेवेला ठेवतो! तू वाकशील तेव्हा खरोखर वाक. लोक आपोआप हसतील.

माझी फजिती तुला कधी सांगितली नाही. आमच्या हौशी संस्थेच्या प्रयोगात यतीची दाढी एका कानाला लोंबायला लागली. गोंद स्वस्तातला. प्रेक्षागृहात खसखस पिकली, अर्जुन घामाघूम, पेटीवाला मान खाली घालून हसतोय. मी हात जोडून तसाच म्हणालो, ‘‘स्वामी, आपलं वैराग्य असं, की दाढीलाही देहाचा मोह उरला नाही.’’ टाळ्या! इथवर ठीक होतं. पण टाळ्यांची चव लागली रे. पुढच्या प्रवेशात मी अर्जुनाकडे बघून हळूच डोळा मारला. म्हणजे बलरामाला गुपित कळलं की! झालं. शेवटी सुभद्रा गेल्याचं कळल्यावर मी गदा उचलून गरजलो, तर पहिली रांग खो खो हसली. समोर कृष्ण समजूत घालायला उभा, पण समजूत घालायला राग होता कुठे? बिचाऱ्याने आपली वाक्यं कशीबशी म्हटली. आमचे तालीम घेणारे मास्तर विंगेत काही बोलले नाहीत, नुसती माझ्या हातातली गदा काढून घेतली.

तेव्हा तालमीत दोन गोष्टी सांभाळ. विनोदी वाक्य आलं म्हणून आवाज बदलू नकोस. आणि कुणी पद म्हणत असताना नुसता खांबासारखा उभा राहू नकोस, ऐक. वन्समोअर आला तर दुसऱ्यांदाही तितक्याच मनाने ऐक. गाणाऱ्याला ते कळतं, बघणाऱ्यालाही.

‘‘देवाची थट्टा कशाला, असं कुणी म्हणालं तर?’’ असं विचारलं होतंस. आपल्या आजीला विचारायला हवं होतं. ती एकादशीला उपास करून सौभद्रला जायची आणि भोंदू यतीला बघून पदर तोंडाला लावून हसायची.

आईने माझा जरीचा शेला कपाटातून काढलाय, एके ठिकाणी कसर लागली आहे, ती बाजू आत घे. गोंद मात्र चांगला घ्यायला सांग.

माझं तिकीट काढून ठेव, तिसऱ्या रांगेतलं. मी कितीही हसलो तरी माझ्याकडे बघू नकोस.

तुझा,
बाबा